प्रभातच्या फाटकाशी

चि. अनूस,


जुन्या नट्यांपैकी आधी कुणाबद्दल वाचू, असं तू विचारलंस. मी शांता आपटेचं नाव घेईन. आवाज तर सुरेख होताच. पण पडद्यावर गाजवलेला नकार तिनं प्रत्यक्षात आपल्या मालकांनाही ऐकवला, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

जन्म १९१६चा. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मधून १९३२ साली ती पडद्यावर आली आणि १९३४च्या ‘अमृतमंथन’मध्ये प्रभात फिल्म कंपनीकडे दिसली. त्या काळी गाणं सुरू झालं की पात्रं एका जागी खिळून गात. शांताचे हात, मान, डोळे सगळेच गाण्यात उतरत.

मग आला १९३७चा ‘कुंकू’, हिंदीत ‘दुनिया न माने’. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ कादंबरीवर व्ही. शांतारामांनी केलेला. तरुण नीरेचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून दिलं जातं आणि ती त्याला नवरा मानायचंच नाकारते. विहीर जवळ करत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात, त्याच माणसांत राहून ती ठाम उभी असते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला तर ती चांगली फोडून काढते! चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे आहेत. त्यामुळे तिचा शब्द न् शब्द धारदार लागतो. समोर म्हाताऱ्या नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते. त्यांनी काकासाहेबांचा राक्षस होऊ दिला नाही, म्हणून नीरेचा लढा एका माणसाशी न राहता रूढीशी होतो.

तिचा ‘गोपालकृष्ण’ १९३८चा. त्याच्या पुढच्याच वर्षी करार आणि पगारावरून वाद पेटला आणि शांता पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. एवढ्या मोठ्या नटीनं कामगारासारखं दारात बसावं, याचा गवगवा झाला. लोक अजूनही तो किस्सा तिच्या तापट स्वभावाचा म्हणून सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. १९४० साली तिनं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. सिनेमाची हौस असलेल्या तरुणांना तिनं त्यात या धंद्यातली राबणूक दाखवली. नुसत्या तापट बाईनं इतकं शांतपणे मांडून लिहिलं नसतं. आपण कष्ट विकतो, याचं तिला पुरतं भान होतं.

पुढे १९४१च्या तमिळ ‘सावित्री’त ती सावित्री झाली, नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. ‘जमीनदार’, ‘सुभद्रा’, ‘वाल्मिकी’ हे चित्रपटही आले, पण ‘कुंकू’ची उंची त्यांतल्या कुणाला नाही. १९६४ साली, पन्नाशीही न गाठता, ती गेली.

तू आधी ‘कुंकू’ बघ, मग तिचं पुस्तक मिळव. मिळालं की मला कळव. त्यावर सविस्तर बोलू.

तुझी,
आत्या