घरभाड्यात न धरलेली शिकवणी

स्पॅनिशमधला अपूर्ण भूतकाळ मी सालामान्का या गावात शिकले. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं, आणि नेब्रिखाने लिहिलेलं स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण १४९२मध्ये निघालं तेही याच गावात. एवढी थोर परंपरा उशाशी असूनही मला हा काळ कळला तो सत्तरीकडे झुकलेल्या माझ्या घरमालकीणबाईंमुळे. युरो यायच्या आधीची गोष्ट. त्या खोलीचं भाडं पेसेटांत घेत. शिकवणीचा हिशोब त्यात नव्हता.

तक्त्यापुरतं बोलायचं तर हा काळ फार गरीब स्वभावाचा. शाळेत संस्कृतचे धातू चालवलेल्या माणसाला तर तो सुट्टीच वाटावा. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याचा ‘आर’ काढायचा आणि पुढे जोडत जायचं : आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. ‘एर’ आणि ‘ईर’ने संपणाऱ्या क्रियापदांना मिळून एकच संच : ‘कोमेर’, खाणे, याचं कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. यातल्या ‘ई’वर प्रत्येक रूपात तिरकी रेघ द्यायची; ‘आर’वाल्यांत ती फक्त ‘आम्ही’च्या रूपावर येते. ‘मी’ आणि ‘तो-ती’ यांची रूपं सारखीच, म्हणून घोटाळा होईल तिथे कर्ता बोलून दाखवायचा. साऱ्या भाषेत या काळाचे नियम मोडणारी क्रियापदं तीनच : असणे, जाणे आणि पाहणे.

खरी अडचण पुढे असते. मराठीत आपण ‘आई शिवायची’ आणि ‘आई शिवत होती’ असं वेगवेगळं म्हणतो; स्पॅनिशमध्ये दोन्हींना ‘कोसीआ’ पुरतं. किती वाजले होते, वय काय होतं, हवा कशी होती, तेही याच काळात. पण आई शिवत असताना दार वाजलं, तर ते वाजणं मात्र पूर्ण भूतकाळात जातं. आन्द्रेस बेयो या व्याकरणकाराने एकोणिसाव्या शतकात अपूर्ण भूतकाळाला ‘कोप्रेतेरितो’ म्हटलं, कारण तो दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्या सोबतीने नांदतो. व्याख्या चोख आहे. तरी बोलताना तोंडात कुठलं रूप यावं, हे व्याख्या पाठ करून जमत नाही.

ते जमलं बाईंच्या ‘मेसा कामिया’पाशी. जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड घातलेलं गोल टेबल, खाली शेगडी. हिवाळ्यात जेवणानंतर पाय त्या कापडाखाली सरकवायचे आणि गप्पा मारायच्या. मी सुरुवातीला अदबीने ‘उस्तेद’ म्हणत होते. त्यांनी ते लगेच बंद पाडलं, म्हणाल्या, ‘तू’ म्हण. आपण आजीला ‘अगं आजी’ म्हणतोच, त्यामुळे मला ते जड गेलं नाही. त्या मला ‘ईखा’ म्हणत, मुली म्हणत.

गप्पा बहुतेक त्यांच्या लहानपणच्या. यादवी युद्ध १९३९मध्ये संपलं आणि स्पेनमध्ये रेशनिंग सुरू झालं, ते १९५२पर्यंत चाललं. ती वर्षं त्या एका संथ ओघात सांगत : आई लोकांचे कपडे शिवायची, आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो, मसूर खायचो, कॉफी म्हणून चिकोरी प्यायचो, पाव काळा असायचा. जवळपास सगळ्या क्रियापदांत ‘ईआ’ नाहीतर ‘आबा’. आणि मग एकाएकी : ‘उन दीआ येगो मी तीओ कोन उन पान ब्लांको.’ एके दिवशी मामा पांढरा पाव घेऊन आला. ‘येगो’ म्हणताना शेवटच्या स्वरावर आघात पडे आणि पाव टेबलावर ठेवल्यासारखा त्यांचा तळवा कापडावर आपटे. भूक अपूर्ण भूतकाळात होती, पाव पूर्ण भूतकाळात. भुकेच्या त्या वर्षांना आत राहणाऱ्यांच्या लेखी शेवट नव्हता; पावाला तारीख होती. दोन काळांमधला हा फरक मला त्या दिवसापासून परत कुणाला विचारावा लागला नाही.

मग त्या विचारत, ‘तुझी आजी काय खायची?’ मी सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खात. ‘कोमीआन’, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, ‘मग पांढरी कधी आली?’ व्याकरणाचा इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही परीक्षेत आला नाही. त्याचं उत्तर द्यायला काळ बदलावाच लागत होता : त्र्याहत्तरला पाऊस झाला, शाळू पिकला.

बाईंना व्याकरणातली नावं ठाऊक नव्हती. मी शिकत होते हेही त्यांच्या गावी नसावं. पण आपल्या टंचाईची वर्षं त्यांनी माझ्यापुढे अशी मोकळी केली, की परकी क्रियापदं मला माणसांसकट मिळाली. त्यांना हे कधी नीट सांगता आलं नाही, आणि आता त्या नाहीत.

आज मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. तक्ता झाला की मुलांना घरी पाठवते : घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, तुम्ही काय करायचात, आणि मग एके दिवशी काय झालं. कुणी गिरणीच्या भोंग्यावर चालणारं घर घेऊन येतं. एकीने आणलं होतं, आजोबा नदीकाठच्या वाड्यात राहत होते, आणि १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटून पाणी आलं. राहत होते ‘बिबीआ’, आलं ‘येगो’. तिला समजावायला काही उरलंच नव्हतं. हा सराव कुणाचा, ते मी वर्गात सांगते. आणि हेही सांगते, की तक्ता कुठल्याही पुस्तकात मिळेल, वाक्यं मात्र घरूनच आणावी लागतील.