दंडाचं लुगडं

जुन्या साडीचा ड्रेस शिवलेला दिसला की माझं डोकं फिरायचं. पैठणीचा गाऊन, नारायणपेठीचं जाकीट, इरकलीच्या पर्स. तोंडावर बोलत नसे, पण विणकरानं सलग विणलेलं कापायचा हक्क यांना दिला कुणी, असं मनात यायचंच. शिवण मला चांगलं येतं, घरातले निम्मे कपडे मीच बेतलेले. तरी आजीच्या इरकली लुगड्याला कात्री लावावी, हे कधी डोक्यात आलं नाही. आणि परवा मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर त्याच लुगड्याचा पायघोळ ड्रेस घालून मी जेवायला गेले.

क्रूझचा घाट धाकट्या बहिणीचा. तिथं एका रात्री ठेवणीतले कपडे घालायचे असतात म्हणे. मी म्हटलं, साडी नेसेन. "ताई, डेकवरच्या वाऱ्यात निऱ्या सांभाळत बसणार आहेस? ट्रंकेत आजीचं लुगडं कुजतंय, त्याचं शीव काहीतरी." कुजतंय म्हणाली ते झोंबलं. किती निगुतीनं जपलंय, हे तिला दाखवायलाच मी ट्रंक उघडली.

इरकल म्हणजे बहुतेक वेळा सुती अंग आणि रेशमी पदर. दोन्हींचे ताणे वेगळे. विणायच्या आधी त्यांचे फास एकमेकांत अडकवून घेतात. याला टोपे तेणी म्हणतात. म्हणून टोपे तेणी पदराचा ताणा एकेका साडीपुरताच करावा लागतो, मोठा ताणा लावून साडीमागून साडी विणता येत नाही. उलट्या बाजूनं बोट फिरवलं तर सूत संपून रेशीम सुरू होतं तिथली ती बारीक कड हाताला लागते. तीच बहिणीला दाखवत होते, तेवढ्यात पदर घडीवर फसकला. ओढला नव्हता, नुसता उलगडला होता. संग्रहालयात जुनी वस्त्रं घडी घालण्याऐवजी नळकांड्यावर गुंडाळून ठेवतात, ते उगीच नाही. घडीवर धागा मोडतो. माझं जपणं म्हणजे डांबरगोळ्या घालून त्याच घडीवर वर्षानुवर्षं ठेवणं.

पण मन फिरलं ते त्यानं नाही. अजून कुठं विरलंय का बघायला लुगडं खिडकीशी उजेडात धरलं, तर अंगावर एक आडवी शिवण. दुहेरी दुमड, हातशिलाई, टाके इतके एकसारखे की आजवर दिसले नव्हते. दोन्हीकडचे काठ नेमके जुळवलेले. दंड! नऊवारी काष्ट्याच्या आणि बसायच्या जागी आधी विरतं. मग बायका तेवढा भाग कापून काढत आणि धड तुकडे जोडून पुन्हा नेसत. दंडाचं लुगडं म्हणजे ओढगस्तीची खूण, चारचौघींत नेसताना आजी तो दंड निऱ्यांत दडवत असणार. मी सलग म्हणून पूजत होते ते तिनंच कापलेलं होतं. काढलेल्या तुकड्याचं दुपटं झालं असेल, गोधडीत गेलं असेल, शेवटी वाती. कात्रीचं तिला काहीच वाटत नव्हतं, कापड वाया गेलेलं मात्र तिला खपलं नसतं. सोवळं होतं ते माझं.

मग बेतायला बसले. जीर्ण कापडाला ताण सोसत नाही, म्हणून अंगासरशी कंबर नको. छातीखाली चुण्या आणि खाली भरपूर घेर. सगळ्याला मलमलीचं अस्तर, म्हणजे ओढ बसली तर त्याला बसेल. काठाचा लाल रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिला, उतरला. तेव्हा धुवायचा विचार सोडला आणि सावलीत वाऱ्यावर टाकलं. मशीनला नऊ नंबरची सुई, टाका लांब. बारीक टाक्यानं जुन्या कापडाला भोकांची रांग पडते आणि त्याच रेषेत ते फाटतं. मुंढ्याला उरेब पट्टी लावली. खालचा काठ घेराला आपसूक आला, वरचा कापून गळ्याला घेतला. आजीची शिवण घेराच्या डाव्या बाजूला, दर्शनी ठेवली. बहिणीला ते आवडलं नाही, ठिगळ दिसतं म्हणे.

सगळंच मत बदललं असं नाही. एका लग्नाच्या फोटोंसाठी धडधाकट पैठणी फाडणं मला आजही पटत नाही. ती नेसा ना! विरलेल्या कापडाची गोष्ट वेगळी.

जहाजावर एका अनोळखी बाईनं विचारलं, कुठल्या बुटीकचा? घरी शिवलाय म्हटल्यावर तिनं शिलाई किती घ्याल, हेही विचारून घेतलं. डेकवर वारा खरंच सुटला होता आणि मी दोन्ही हात मोकळे ठेवून जेवले.

उरलेल्या सुती तुकड्यांतून बहिणीच्या नातवाला झबली निघतील, तशी बेतून ठेवली आहेत. पदराला मात्र मी हात लावलेला नाही, तो मलमलीवर टाचून गुंडाळून ठेवला आहे. त्याची उशी कर म्हणून ती मागं लागली आहे. यावर आमचं अजून जमलेलं नाही.