काँपिएनच्या वनातील रेल्वेचा डबा

पॅरिसच्या ईशान्येस सुमारे ८० किलोमीटरवर काँपिएन हे गाव आहे. गावाबाहेरच्या घनदाट वनात झाडांनी वेढलेले एक मैदान लागते. मधोमध एक भव्य शिला, जुन्या रुळांच्या खुणा आणि कडेला लहानसे संग्रहालय आहे. संग्रहालयात रेल्वेचा एक जुना डबा जपून ठेवलेला आहे.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे पाचच्या सुमारास याच जागी, मार्शल फॉश यांच्या डब्यात, पराभूत जर्मनीच्या प्रतिनिधींनी युद्धविरामावर सह्या केल्या. अंमल सकाळी ११ वाजता व्हायचा होता. मधल्या सहा तासांतही आघाडीवर माणसे मरत राहिली. चार वर्षांत जवळजवळ एक कोटी सैनिक मृत्युमुखी पडले होते.

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे झाडलेल्या गोळ्या हे युद्धाचे निमित्त. वैराचे बीज त्याहून जुने होते. १८७१ मध्ये फ्रान्सला नमवून जर्मन साम्राज्याची घोषणा झाली ती व्हर्सायच्या आरसेमहालात. अल्सास व लॉरेन हे प्रांतही फ्रान्सच्या हातून गेले. पुढे गुप्त करार व शस्त्रांची चढाओढ वाढतच गेली. १९१९ मध्ये फ्रान्सने जर्मनीला तहावर सही करावयास लावली, तीही त्याच आरसेमहालात.

तहाच्या २३१ व्या कलमाने युद्धहानीची जबाबदारी जर्मनी व त्याच्या मित्रांवर ठेवली. १९२१ मध्ये नुकसानभरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरला. युद्धकाळातील कर्जे, हा बोजा आणि बेसुमार छापलेल्या नोटा यांमुळे नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. व्यापाऱ्यांची आयुष्यभराची शिल्लक एका पावाच्या मोलाची उरली नाही. काँपिएनला सही करणारे एर्झबर्गर यांची १९२१ मध्येच त्यांच्या देशबांधवांनी हत्या केली होती. या अपमानाच्या व दारिद्र्याच्या भांडवलावर हिटलरने आपले राजकारण उभे केले.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, तेव्हा हिटलरने संग्रहालयातून तोच डबा बाहेर काढवून त्याच जागी आणविला. २१ जूनला तो स्वतः त्यात येऊन बसला आणि २२ जूनला फ्रान्सने सही केली. नंतर डबा बर्लिनला नेण्यात आला, मैदान उद्ध्वस्त झाले. त्या ओसाडीवर फॉश यांचा पुतळा तेवढा मुद्दाम उभा ठेवला गेला. १९४५ मध्ये डबाही नष्ट झाला. आज दिसतो तो त्याच बनावटीचा दुसरा डबा.

भरपाईसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाचा अखेरचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी फेडला. तहानंतर ९१ वर्षांनी ते खाते मिटले.

१० नोव्हेंबर २०१८ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष व जर्मनीच्या चॅन्सेलर या मैदानात आले. पूर्वी दोनदा या दोन देशांची माणसे डब्यातील टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसली होती. या वेळी ती दोघे एकाच बाजूस, शेजारी शेजारी बसली.