शेजारी शेजारी दोन चाकं

ताश्कंदच्या विमानतळावर सायकलचा खोका हातात आला, तेव्हा त्याचा मागचा उजवा कोपरा आत दबला होता. पोटात खड्डा पडला. डिरेलर नेमकं तिथेच असतं.

मुक्कामाच्या घराच्या अंगणात सायकल जोडायला बसलो. आधी पेडल. खामगावात ज्यांच्या दुकानात मी हे काम शिकलो, त्या मिस्तरीकाकांचा आवाज कानात होताच: "डावं पेडल उलटं फिरते बाप्पा. जोर लावशीन तं आटे खाशीन." हाताला अडलं की जोर वाढवायचा नाही, थांबून बघायचं, हे त्यांनी मला वर्षभर शिकवलं. मग चेन सर्वांत मोठ्या चक्रीवर चढवली. डिरेलर थेट आऱ्यांत घुसलं.

डिरेलर फ्रेमला थेट जोडलेलं नसतं. ॲल्युमिनियमच्या एका लहान पट्टीवर ते टांगलेलं असतं. हिला हँगर म्हणतात. ती मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे धक्का बसला तर ती वाकते आणि फ्रेम वाचते. माझी वाकली होती. खोका भरताना डिरेलर सोडवून आतल्या बाजूला बांधायचं असतं. दोन मिनिटांचं काम, निघायच्या घाईत मी ते टाळलं. जादा हँगरही घेतला नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे समरकंद, बुखारा, खिवा असा महिनाभराचा एकट्याचा रस्ता होता. 'जरा हे बघ रे' म्हणायला शेजारी कोणी नाही, हे त्या अंगणात पहिल्यांदा नीट कळलं.

रात्री बोथ्याचा रस्ता आठवत राहिला. बुलढाण्याहून खामगावला येणारा हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सामान लादून चढ चढायचा सराव मी तिथेच केला. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एकटाच निघालेला टी१सी१ वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून याच जंगलात आला. गळ्यातल्या कॉलरमुळे त्याची वाट नकाशावर उमटली. ती सरळ रेघ नव्हतीच, नुसता गुंता होता. मी मात्र समरकंदपर्यंतचे तीनशे किलोमीटर चार दिवसांत, अशी रेघ मारून आलो होतो. वहीतलं ते पान फाडलं. झोप लागली.

सकाळी बाजाराजवळच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं एक दुकान सापडलं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला भाषेवाचून सांगणं सोपं गेलं. वाकलेला हँगर बघून त्यांनी मिस्तरीकाकांसारखीच जीभ टाळ्याला लावून चुकचुक केली. मी जुनी चाकं मागितली. डिरेलर काढलं की मागच्या चाकाच्या बारीक आट्यांचा आस हँगरच्या भोकात बसतो, ही युक्ती खामगावचीच. पहिली दोन चाकं बसली नाहीत. तिथेही जोर लावला नाही. तिसऱ्याचा आस बोटांनीच आत फिरत गेला.

आता सायकलला मागे शेजारी शेजारी दोन चाकं. एक माझं, एक त्यांचं. खाली दोन्ही रिम जवळ, वर लांब. जुनं चाक दोन्ही हातांनी धरून केसभर वाकवायचं, सोडायचं, अंतर मोजायचं. ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवलं तर तुटतं, म्हणून परतीची संधी नसते. ते एका बाजूने मोजत होते, मी दुसऱ्या. अर्धा तास गेला. वर, खाली, पुढे, मागे अंतर सारखं आलं.

मग हिरवा चहा आला. निळ्या प्याल्यावर पांढरी फुटलेली बोंडं रंगवलेली. मी बोट ठेवलं. "पख्ता," ते म्हणाले. "कापूस," मी म्हणालो, आणि बोटांनी वेचणी करून दाखवली. ते मनापासून हसले आणि त्यांनीही करून दाखवली. त्यांचा हात माझ्यापेक्षा सराईत होता.

जुनं चाक सोडवून त्यांच्या भिंतीला टेकवलं. डिरेलर परत लावलं. चेन मोठ्या चक्रीवर चढवली. पेडल हाताने फिरवत कान लावून बसलो. आऱ्यांचा आवाज आला नाही.