सत्तर मीटर लांबची पेटी

बाबांनी वाजवणं सोडलं तेव्हा मला वाटलं, वय झालं. बाबांनाही तेच वाटलं. दोघांचंही चुकलं होतं.

बार्शीत असताना बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. निवृत्तीनंतर आई-बाबा माझ्याकडे पुण्यात राहायला आले, सोबत पेटीही आली. पण आमच्या फ्लॅटच्या भिंती नावालाच. शेजारचा मुलगा नाइट शिफ्ट करतो आणि दिवसा झोपतो. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी 'संगीतप्रेमी रहिवाशांना नम्र विनंती' टाकली आणि बाबांनी पेटीवर चादर घातली.

घरात इंजिनिअर मुलगी असताना हे असं कसं सोडून द्यायचं? मी डिजिटल कीबोर्ड आणला. सोबत हेडफोन, तोही वायरलेस. वायरशी माझं जुनं भांडण आहे. कॉलेजच्या चार वर्षांत किती इअरफोन फेकले याचा हिशोब नाही. पिनेजवळ वायर तुटते, एकच कान वाजायला लागतो, मग वायर एका ठराविक कोनात धरून बसायचं. बाबांच्या नशिबी हे नको. कीबोर्डच्या हेडफोन सॉकेटमध्ये छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर खोचला, पेअर केला आणि हेडफोन बाबांच्या डोक्यावर चढवला.

"छान आहे गं," बाबा म्हणाले. पहिला आठवडा रोज बसले. डावा हात सवयीने नसलेला भाता मारायचा, आम्ही हसायचो. मग दिवसाआड. मग रविवारी. एक दिवस म्हणाले, "बोटं ऐकत नाहीत आता. लय सुटते." आई म्हणाली, "पासष्टी आली, चालायचंच." हाताचं काही दुखणं नको म्हणून डॉक्टरांना दाखवून आलो. काही निघालं नाही. कीबोर्डवरही चादर आली.

चार महिन्यांनी धूळ पुसताना मी सहज तो चालू केला, हेडफोन घातला आणि एक पट्टी दाबली. आधी प्लॅस्टिकचं 'टक्' ऐकू आलं. मग सूर. मध्ये फट होती. पुन्हा दाबली. पुन्हा फट.

माझ्या पोटात गोळा आला. ऑफिसात आमच्या सर्व्हिसचा रिस्पॉन्स २०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की माझ्या फोनवर अलर्ट वाजतो. त्यासाठी मी रात्री तीनला उठले आहे. घरात मात्र एकदाही मोजलं नव्हतं. हेडफोनचा एक कान फोनच्या माइकजवळ धरून रेकॉर्डिंग केलं आणि ते एडिटरमध्ये उघडलं. 'टक्' आणि सूर यांच्यात २०० मिलिसेकंदांहून थोडं जास्त अंतर.

यात हेडफोन बिघडलेला नव्हता. ब्लूटूथ आवाजाचे छोटे तुकडे करतं, ते आवळून लहान करतं आणि २.४ गिगाहर्ट्झवर पाठवतं. तिथे वायफायचीही गर्दी असते. एखादा तुकडा वाटेत हरवला तरी गाणं तुटू नये म्हणून हेडफोन थोडा साठा करून ठेवतो, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा. टाकीमुळे नळ बंद पडत नाही, पण आलेलं पाणी आधी टाकीत थांबतं. उशीर कमी करणारे कोडेक आहेत, पण ते दोन्ही टोकांना लागतात. मी खरेदी करताना बॅटरी किती तास चालते एवढंच पाहिलं होतं.

मग मला कधीच कसं जाणवलं नाही? कारण मी फक्त ऐकते. गाणं २०० मिलिसेकंद उशिरा सुरू झालं तर काय बिघडतं? सिनेमा बघताना बहुतेक ॲप्स चित्रच तेवढं मागे ठेवतात, ओठ आणि शब्द जुळतात. पण वाजवणाऱ्याचं बोट कोण मागे ठेवणार?

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांत जवळजवळ सत्तर मीटर. मी बाबांची पेटी सोसायटीच्या गेटपाशी नेऊन ठेवली होती आणि त्यांना म्हणत होते, इथूनच वाजवा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, दुगुनीत एक सूर पाव सेकंदाचा. म्हणजे एक सूर कानावर पडेपर्यंत बोट पुढच्या सुरावर पोचलेलं. माणूस आपल्याच आवाजासाठी थांबतो, लय ढिली पडते, आणि दोष बोटांना देतो.

त्याच संध्याकाळी वायरचा हेडफोन आणला, लांब वायरीचा, जाड पिनेचा. ही पिन एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली. १९७९ च्या वॉकमनबरोबर तिची धाकटी बहीण, ३.५ मिलिमीटरची पिन, घरोघरी गेली आणि २०१६ मध्ये आयफोन ७ ने तिचं भोकच बुजवलं. तेव्हा मी कॉलेजात होते, आणि मला ती प्रगती वाटली होती.

बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बोटं नव्हती होय?"

"नाही बाबा. मी आणलेला हेडफोन होता."

"मला वाटलं, संपलं आता." एवढंच बोलले आणि चादर काढली.

वायरचे त्रास आहेतच. पाणी प्यायला उठताना बाबा ती काढायला विसरतात, मग हेडफोन ओढला जातो आणि खाली आपटतो. दोनदा तरी झालंय. मी स्वतः बसमध्ये अजून वायरलेसच घालते. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकेल आणि तो टाकून द्यावा लागेल, हे माहीत असूनही. मित्रमैत्रिणी विचारतात, कोणता घेऊ? मी आता आधी विचारते, नुसतं ऐकणार आहेस की वाजवणारही आहेस?

रात्री जेवणं झाली की बाबा बसतात. बाहेरच्या खोलीत सूर ऐकू येत नाहीत, फक्त पट्ट्यांची टक् टक् येते. मी लॅपटॉपवर काम करत ती ऐकते. लय सुटत नाही.