गाडी विकणे आहे

'गाडी विकणे आहे' एवढे तीन शब्द मी कागदावर लिहिले आणि पुढे दोन दिवस काही सुचेना. आयुष्यभर पांढुर्ण्याच्या शाळेत मराठी शिकवली, मुलांकडून शेकडो निबंध लिहून घेतले. पण चार ओळींच्या जाहिरातीपुढे हात टेकले. पहिला प्रश्न भाषेचा. मराठीत लिहावी तर नागपूरपर्यंत पोचणार, हिंदीत लिहावी तर भोपाळ-इंदूरपर्यंत. आणि असली गाडी घेणारे लोक म्हणे इंग्रजीच वाचतात. वाचकहो, आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. लग्नपत्रिका छापतानाही तो पडतोच.

गाडी म्हणजे एमजी टीसी. शेजारच्या मुलाने नाकावरचे चिन्ह पाहून विचारले होते, "आजोबा, ही हेक्टरची आजी का?" नावापुरते खरे आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचे. टीसी ही त्यांची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात तयार झाली, सगळ्या मिळून दहा हजारांच्या आसपास. तारांची मोठी चाके, पुढे आडवी पडणारी काच, मागे उभी पेट्रोलची टाकी आणि उलट्या बाजूने उघडणारी दारे. १२५० सीसीचे इंजिन. किल्ली फिरवली की इंजिनाच्या आधी पेट्रोलचा पंप टकटक करू लागतो, कुणी दार वाजवावे तसा.

आमची गाडी १९४८ची. सौंसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर एक गोरा साहेब होता, त्याची. १९५४ साली तो विलायतेला परत निघाला तेव्हा संत्र्याच्या हंगामाचे पैसे बाबांच्या हातात होते. आईने त्या पैशांत पाटल्या करायचे ठरवले होते. दारात आली ही. गोटमारीच्या आदल्या दिवशी, म्हणजे पोळ्यालाच, बाबा तिला न चुकता सौंसरला आत्याच्या घरी नेऊन ठेवीत. जांब नदीतले दगड माणसाच्या डोक्याला लागले तर चालतील, गाडीच्या काचेला नकोत, असे आई त्यावर म्हणे.

गाडीच्या कागदांवर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरारचा शिक्का आहे, नागपूरचा. १९५० साली त्याच प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आमचाच वेगळा जिल्हा झाला. गाडी होती तिथेच उभी. तिच्याभोवती सरकारे तेवढी बदलली.

बाबा गेल्यावर, १९६६पासून, ती संत्र्यांच्या गोदामात पडून होती. २००४ साली माझा थोरला भाऊ निवृत्त झाला आणि तिला ओढत सौंसरला आपल्या घरी घेऊन गेला. दादा भौतिकशास्त्राचा मास्तर. त्याला वाटले, वर्षभरात होईल. अकरा वर्षे लागली. पहिले काही महिने त्याचे पानेच बसेनात. मग कळले की या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे आणि डोकी इंग्रजी मापाची आहेत. मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला, तिथली यंत्रे फ्रेंच मापाची. पण इंग्रज मेकॅनिकचे पाने चालावेत म्हणून डोकी तेवढी इंग्रजी ठेवली. दादा मोठ्याने हसला होता. "बाप्पा, हे तं आपल्यासारखंच निघालं! आटे मराठी अन् डोस्कं हिंदी."

खरा घात मात्र लाकडाचा होता. या गाडीचा पत्रा वरून दिसतो तेवढाच. आत सगळा सांगाडा ॲश नावाच्या विलायती लाकडाचा असतो आणि पत्रा त्यावर ठोकलेला असतो. आमच्या गाडीचे लाकूड वाळवीने पोखरून टाकले होते. दार दाबले की बोट आत जाई. सौंसरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने जुन्या तुकड्यांवरून माप घेऊन पूर्ण सांगाडा सागवानात केला. चौदा महिने तो रोज दुपारी वहिनींच्या हातची भाकर खात होता. २०१५च्या हिवाळ्यात नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज बंद झाली, त्याच सुमारास ही सुरू झाली. दादाने तिला जामसावळीच्या मारुतीला नेऊन नारळ फोडला.

२०२२ साली दादा गेला. त्याच्या निवृत्तीच्या पैशातला निम्मा या गाडीत गेला होता आणि वहिनी त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. दोन वर्षांनी त्याच म्हणाल्या, "भाऊजी, गाडी इकून टाका. घराचं छत गळून राह्यलं. स्लॅब टाकून घेऊ." म्हणून ही जाहिरात.

शेवटी ती मी तिन्ही भाषांत लिहिली. पहिला आला तो मुंबईचा व्यापारी. गाडीखाली आडवा पडून त्याने तासभर पाहणी केली. इंजिनाचा आकडा जुळला, चॅसिसचा जुळला. दाराच्या आतली बाजू पाहून मात्र तो थांबला. "भाईसाहब, बाकी सब बढ़िया है, पर ये लकड़ी ओरिजिनल नहीं है." पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळ्या नोंदणीचे नियम केले, त्यातही भर 'मूळ स्वरूपा'वर आहे, हे त्याने मला समजावले. इंग्लंडात या गाडीचे लाकडी सांगाडे आजही नव्याने तयार मिळतात. तो सागवान काढून टाकून ॲशचा सांगाडा बसवणार होता. तो खर्च धरूनही त्याने सांगितलेला आकडा आम्हाला वाटला होता त्याहून मोठा होता. स्लॅब होऊन वर उरले असते.

मी आत जाऊन वहिनींना सांगितले. आनंदाची बातमी सांगतोय असेच मला वाटत होते. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लाकूड काढाचं असन तं गाडी द्याची नाई."

"वहिनी, लाकडात काय आहे?"

"माह्या माहेरचं हाय ते."

लोधीखेड्याचा त्यांचा वाडा पाडला तेव्हा भावांनी वाटण्या केल्या. बहिणीला काय द्यायचे, म्हणून कुणी विचारले. वहिनींनी माजघराची तुळई आणि दोन दारे मागितली. बैलगाडीने ती सौंसरला आली आणि परसात पडून राहिली. मिस्त्रीला चांगला जुना सागवान मिळेना, दादा हताश होऊन बसला, तेव्हा वहिनींनीच परसाकडे बोट दाखवले. अकरा वर्षे मी त्या घरी जात-येत होतो. 'दादाची गाडी' म्हणूनच तिच्याकडे पाहत होतो. तिच्या आत वहिनींचा हिस्सा उभा आहे हे मला कुणी सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

व्यापारी चहा पिऊन गेला. मी जाहिरात पुन्हा लिहायला घेतली. आधी जी गोष्ट गाळली होती ती आता सर्वांत वर लिहिली: 'सांगाडा मूळ नाही. लोधीखेड्याच्या वाड्यातला जुना सागवान. बदलणाऱ्याने येऊ नये.' मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, अशाने गिऱ्हाईक पळेल. सात महिने कुणी आलेही नाही.

मग नागपूरचे एक डॉक्टर आले. त्यांनी बोटाने दाराची चौकट वाजवली, बराच वेळ हात फिरवला आणि मिस्त्रीचे नाव विचारले. व्यापाऱ्यापेक्षा त्यांचा आकडा बराच कमी. वहिनी 'हो' म्हणाल्या. स्लॅब काही झाला नाही. छतावर चांगले जाड टिन टाकले. पावसात त्याचा आवाज फार होतो, पण गळत नाही.

गेल्या श्रावणात डॉक्टरांचा फोन आला. गाडीचे डावे दार फुगले होते, लागत नव्हते. मिस्त्री बोलवून रंधा मारावा का? मी फोन वहिनींकडे दिला.

"रंधा नोका मारू," त्या म्हणाल्या. "दोन दिवस उघडंच राहू द्या. आमच्या वाड्यातही ते दरसाली असंच फुगे. आपोआप बसते."