दाबून धरलेला हात

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जखमांविषयी लिहावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. घसारा, ताळेबंद, नफा-तोटा हा आमचा प्रांत. पण रक्कम लहान दिसली म्हणून व्यवहार लहान नसतो, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. मानेच्या जखमेचेही तसेच आहे. वरून बोटभर दिसणारी चीर आत किती गेली, यावर सारा हिशेब ठरतो.

हे मला पुस्तकाने नव्हे, मांजाने शिकवले. गेल्या संक्रांतीच्या आठवड्यात मी मामांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. पुलाच्या उतारावर पतंगाचा नायलॉनचा दोरा त्यांच्या गळ्याला घासला. डोक्याला हेल्मेट होते. पण हेल्मेट गळा झाकत नाही. मामांनी कशीबशी गाडी थांबवली, तोवर कॉलर लाल झाली होती.

क्षणात गर्दी जमली. मराठीत आणि कन्नडात सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे पाणी पाजा, कुणी गळ्याभोवती रुमाल आवळायला निघाला. तेवढ्यात एक भाजीवाली आज्जी पुढे आली. तिने मामांना आडवे केले, धुतलेला पंचा घडी करून जखमेवर ठेवला, माझा हात त्यावर दाबला आणि म्हणाली, "ओत्ति हिडि, बिडब्याड." दाबून धर, सोडू नकोस. रुमालवाल्याला तिने नुसत्या हातानेच मागे सारले. दवाखाना येईपर्यंत मी पंचा उचलून पाहिला नाही.

मामा सावरल्यावर डॉक्टरांनी मला सारे समजावून सांगितले, तेव्हा आज्जीच्या शहाणपणाचा उलगडा झाला. रुमाल आवळला असता तर श्वास आणि मेंदूकडे जाणारे रक्त, दोन्ही अडले असते. पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत उतरण्याची भीती. शिवाय शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागली तर पोटातले पाणीही घातक ठरते. मानेतली मोठी शीर कापून उघडी राहिली तर ती बाहेरची हवा आत ओढू शकते. म्हणून जखम झाकायची आणि माणसाला आडवे ठेवायचे. आणि काच, सळई किंवा चाकू रुतून बसला असेल, मग तो मानेत असो की डोक्यात, तर वाटेत ओढून काढायचा नाही. फुटलेल्या रक्तवाहिनीला कदाचित तोच बूच झालेला असतो.

डॉक्टर आधी श्वासाची वाट मोकळी आहे का हे पाहतात, मग रक्तस्राव. मानेच्या त्वचेखाली प्लॅटिस्मा नावाचा एक पातळ स्नायू असतो. आपण सीमाभागातली माणसे. सीमा ओलांडण्याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. जखम या स्नायूच्या अलीकडे थांबली तर धुऊन टाके घातले की बहुधा भागते. पलीकडे गेली तर धमन्या, शिरा, श्वासनलिका, अन्ननलिका, सारेच धोक्यात. मात्र खोली मोजायला जखमेत सळी घालत नाहीत, कारण गोठलेले रक्त सुटून पुन्हा धार लागते. उसळणारे रक्त, फुगत जाणारी सूज किंवा जखमेतून हवेचे बुडबुडे दिसले, तर रुग्णाला सरळ शस्त्रक्रियेला नेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षे सीमा ओलांडलेली प्रत्येक जखम उघडून पाहण्याची रीत होती. आता स्थिर रुग्णाची सीटी अँजिओग्राफी करून मग ठरवतात. मामांच्या जखमेने सीमा ओलांडली होती. पण धमनी बचावली. एक शीर तेवढी बांधावी लागली.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो, कारण घेणारे आपणच आहोत. गुजरातेत उत्तरायणाच्या सुमारास लोक दुचाकीच्या हँडलवर तारेची कमान बसवतात. निदान जाड मफलर तरी आपण गुंडाळू शकतो. राहिली "पोलिसांचे लचांड नको" ही सबब. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. तेव्हा तीही उरली नाही.

मित्रहो, या अंकाच्या कन्नड विभागातही कुणीतरी हेच लिहावे, अशी माझी विनंती आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसापाशी कोणत्या भाषेचा हात आधी पोचेल, हे सांगता येत नाही.